सासऱ्यासाठी राखलेली मागची शीट

नाशिकरोड स्टेशनबाहेर शेअर रिक्षांची रांग लागायची. सत्त्याण्णव साली त्या रांगेत सगळ्यात चकचकीत रिक्षा होती गोटीरामची. गडी निफाडकडचा. द्राक्षाची बाग थोरल्या भावाच्या हवाली करून शहरात आला, कारण वेली उलट बोलत नाहीत आणि याला गप्पांशिवाय चैन पडत नाही. स्टेशन ते शालिमार, याचं तोंड इंजिनाच्या आधी सुरू व्हायचं आणि नंतर बंद व्हायचं. वय तिशीला टेकलेलं, तरी लग्न नव्हतं. का नव्हतं, याची स्टँडवर जितकी तोंडं तितकी कारणं होती, आणि एकाहून एक ऐकण्यासारखी होती.

खरं कारण म्हणजे सरिता. मुलगी मनमाडची, पण जेल रोडला आत्याकडे राहायची आणि मेन रोडच्या एका साडीच्या दुकानात कामाला जायची. शेअर रिक्षाचा नियम असा की शीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. गोटीरामची गाडी मात्र सरिता बसली की हलायची, मग मागे ती एकटीच का असेना. त्याच्या मागच्या नंबरला नाथाची रिक्षा असायची. तो मोठ्याने विचारायचा, "गोट्या, आज पण रिकामीच चालला? पेट्रोल सासरा भरतो का रे?"

सरिता रस्त्याकडे बघितल्यासारखं करायची आणि गालात हसायची. ते हसणं गोटीराम आरशात बघायचा. बिटको चौकात त्याला ट्रॅफिकवाल्याने दोनदा धरलं ते याच पायी. रस्त्यापेक्षा आरशातच जास्त लक्ष.

शेवटी सरितानेच आत्याला मनातलं सांगितलं. आत्या फुलाबाई हौशी बाई, तिने लगेच मनमाडला भावाच्या कानावर घातलं. भाऊ म्हणजे यादवराव, रेल्वेतले निवृत्त गार्ड. त्यांच्या लेखी रुळावर चालते ती गाडी, बाकी सगळी नुसती गर्दी. त्यात त्या वर्षी कुणीतरी आवई उठवली होती की नाशकात आता शहराची रेल्वे येणार, खांबांवरून धावणार, स्टेशनपासून सातपूरपर्यंत. यादवरावांना ती आवई फार आवडली. त्यांनी बहिणीला निरोप धाडला, "ती आली की रिक्षा भंगारात. पोरगी भंगारात देऊ का?"

फुलाबाईने पिच्छा सोडला नाही. तेव्हा कुठे म्हणाले, "शुक्रवारी सकाळच्या पॅसेंजरने येतो. त्याच्याच रिक्षात बसतो. ओळख देणार नाही. मग काय ते बोलू."

ही गुप्त गोष्ट फुलाबाईने फक्त नाथाला सांगितली. दुपारपर्यंत ती स्टँडवरच्या चहावाल्याला, हमालांना आणि केळीवाल्या बाईला ठाऊक होती. शुक्रवारी गोटीरामने दोन वेळा दाढी केली. बाकीच्यांनी त्याला आपखुशीने नंबर दिला आणि सगळे तमाशा बघायला उभे राहिले.

आता गोटीरामच्या डोक्यातला सासरा कसा? निफाडकडे सासरे असतात तसा. धोतर, कडक टोपी, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून बसणारा, पानाशिवाय न बोलणारा. गार्डाची नोकरी केलेला माणूस पँट घालत असेल, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्याला सुचलंही नाही.

पॅसेंजर आली. धोतर-टोपीवाले एक आजोबा पिशवी छातीशी धरून बाहेर आले आणि म्हणाले, "शालिमार?"

गोटीरामने मागची शीट रुमालाने पुसली. "बसा, आबा. ऐसपैस बसा."

पाठोपाठ दोन बाया आल्या. "जागा नाय," गोटीराम म्हणाला.

"अख्खी शीट मोकळी दिसतीय की."

"ती मोकळी नाय, मावशे. राखीव हाय."

मग बुशशर्ट घातलेले, गुडघे धरून चालणारे एक गृहस्थ आले. रिक्षाभोवती एक चक्कर मारली, टायरला बूट लावून बघितला. गोटीराम त्यांना म्हणाला, "काका, मागं मानाचे पाहुणे हायेत. तुम्ही इथं पुढं माझ्याशेजारी टेका."

काका टेकले. इंजिन तपासायचं तर ड्रायव्हरशेजारीच बसावं लागतं, असं त्यांचंही मत होतंच. हेच यादवराव, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तिकडे नाथाच्याही आलं होतं, पण बोलून मजा घालवील तो नाथा कसला.

गाडी निघाली. इतकी हळू, की सायकलवाले पुढे जाऊ लागले. दत्तमंदिर, उपनगर, प्रत्येक खड्ड्याआधी गोटीराम मागे वळून विचारायचा, "आबा, कंबरेला लागलं नाय ना? वारं जास्त होतंय का? पानबिन घ्यायचं का?"

आबा गावाकडून कोर्टाच्या तारखेला निघालेले. शहरातला रिक्षावाला इतकं गोड बोलतो, शीट पुसतो, शेजारी दुसरं गिऱ्हाईक बसू देत नाही, याचा अर्थ त्यांच्या दृष्टीने एकच होत होता. पिशवी त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळली. द्वारकेला गाडी जरा थांबली तशी उडी मारून उतरले आणि मागे न बघता गर्दीत शिरले.

गोटीरामचा चेहरा उतरला. "गेला," तो म्हणाला. "काका, माझं लगीन गेलं बघा."

"ते कोण होते?"

"सासरा. म्हणजे झाला असता. मनमाडचा हाय, लय खडूस म्हातारा हाय म्हणतात. लपून परीक्षा घ्यायला आला होता. एवढी सेवा केली, तरी नापास."

यादवरावांनी खिशातला रुमाल काढून तोंडावर धरला. "चुकलं कुठे पण?"

"मी फार बोललो. मला माहिती हाय, मी फार बोलतो."

मागून टेम्पोवाल्याचा हॉर्न कोकलत होता. यादवरावांनी सवयीने हात बाहेर काढून त्याला थांबवलं आणि दुसऱ्या हाताने पुढचा इशारा दिला. गाडी चौकातून अलगद निघाली. आयुष्यभर ते शेवटच्या डब्यात बसून मागे पळणारे रूळच बघत आले होते. रस्ता असा समोरून अंगावर येताना त्यांना फार गंमत वाटत होती.

"ते शहराची रेल्वे येणार म्हणतात," ते म्हणाले. "मग तुझं काय?"

"येऊ दे की. पहिल्या दिवशी मी तिकीट काढून बसंन. पण काका, ती दारात सोडणार का? तुमच्या गुडघ्यांनाच विचारा. स्टेशनातून माणूस बाहेर आला की त्याला मी लागणारच."

यादवरावांनी गुडघ्यांना विचारल्यासारखं खाली बघितलं. "आणि म्हाताऱ्याने नाही म्हटलं तर?"

गोटीराम सारडा सर्कलपर्यंत गप्प राहिला. त्याच्या धंद्यात हे आजवर घडलं नव्हतं. मग म्हणाला, "तर पुढच्या महिन्यात परत विचारीन. तिला पळवून नेणार नाय. बापाशी ती रोज मनातल्या मनात बोलती, तिनंच सांगितलंय. तिचं ते तुटायला नको."

शालिमार आलं. यादवराव उतरले नाहीत. म्हणाले, "फिरव गाडी. जेल रोडला घे. फुलाबाईकडे जायचंय, माझी बहीण ती."

रिक्षा एक आचका देऊन बंद पडली.

"गाडी मधेच बंद पडली तर ड्रायव्हरने गार्डाला कारण सांगायचं असतं," यादवराव म्हणाले.

गोटीरामने स्टार्टरचा दांडा तीनदा ओढला तेव्हा गाडी परत सुरू झाली. मग थेट जेल रोडला घेतली.

दारात फुलाबाई उभीच होती. "मग, आप्पा? कसा वाटला?"

"खडूस म्हणाला मला."

"कोण, हा?"

"माझ्या तोंडावर. इतकी वर्षं तुम्ही सगळे मागून म्हणता." यादवराव बूट काढून खाटेवर बसले आणि गोटीरामला शेजारी जागा करून दिली. "पोरीला विचार, दिवाळीनंतरचा मुहूर्त चालेल का."

सरिता आतच ऐकत होती. तिने चहा पाठवला, साखर दोनदा पडलेला. तो दोघांनी बशीत ओतून संपवला, आणि गोटीरामने आणखी अर्धा कप मागून घेतला.