तीन महिने ग्रीस मारलं नाही

ड्रायव्हरकीच्या सगळ्या नोकरीत मी एकच गाडी जाणूनबुजून खराब केली. आजवर कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो, काय व्हायचं ते होवो.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. हापिसाची पाटी नवी, साहेब नवे, अन् जीप मात्र जुन्या जिल्ह्यानं नको म्हणून सोडलेली. ती आली माझ्या गळ्यात. दुष्काळाचे दिवस. दोन फिटर अन् पाईप घेऊन गावोगावचे हातपंप दुरुस्त करत हिंडायचं. फिटर लातूरचेच, दिवस मावळला की आपापल्या घरी. माझी बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, हदगावला गेलेली. मी खोलीवर स्टोव्हवर भात टाकायचो अन् पातेल्यातच खायचो. कधी कधी दोन दोन दिवस गाडीबाहेर कुणाशी बोलणं व्हायचं नाही. लई एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

रजा मागितली, तर साहेब म्हणाले, "दुष्काळ हटेपर्यंत रजेचं नाव काढू नका."

मग मी डोकं चालवलं. जीपच्या मागच्या चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट असतो, त्याच्या सांध्यात लोखंडी क्रॉस बसवलेला असतो. त्याला दर आठवड्याला ग्रीस लागतं. नाही मारलं तर तो झिजतो, गिअर टाकला की खालून 'कट्ट' वाजतं. आमच्या त्या म्हातारीचा क्रॉस लातुरात कुठंच मिळत नव्हता, नांदेडलाच जावं लागायचं. अन् नांदेडहून हदगाव किती, दोन तासांवर! मी ग्रीसगन सीटखाली सारली ती तीन महिने बाहेर काढली नाही. खालून कट्ट वाजलं की मला बरं वाटायचं. चला, म्हणायचो, हदगाव जवळ येऊन राहिलं.

मेहुण्याचं कार्ड आलं. मुलगी झाली, गुरुवारी बारसं. मी खोलीत एकटाच हसलो. सराफाकडून चांदीचे वाळे आणले अन् ठरवलं, मंगळवारी साहेबांना आवाज ऐकवायचा.

सोमवारीच घात झाला. निलंग्याच्या पुढं एका गावाला निघालो होतो. रस्ता दाखवायला त्या गावचे एक म्हातारबाबा गाडीत होते. त्यांच्या गावचा एकुलता पंप आठ दिवस बंद होता, बाया दोन कोसांवरून पाणी आणत होत्या. कोरड्या ओढ्यात उतरलो अन् धाडकन शाफ्ट खाली पडला. क्रॉसच्या टोकांवरच्या टोपणांत बारीक लोखंडी सुया असतात, त्यांचा पार तांबडा भुगा झालेला.

मी शाफ्ट सोडवून मागं टाकला अन् लिव्हर ओढून पुढच्या चाकांवर गाडी काढायला बघितली. पण मागं पाईपांचं ओझं, समोर वाळूचा चढ. चाकं नुसती जागेवर फिरत राहिली. फिटर म्हणाले, माघारी फिरवा.

म्हातारबाबा खाली उतरले. डोक्याचा पटका नीट केला.

"उद्या येता न्हवं, डायवर सायेब? गावात तसंच सांगू?"

"परवा येतो, बाबा," मी म्हणालो.

"हाव," म्हणाले, अन् पाच-सहा मैल भर उन्हात पायी निघाले. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या चाकांवर कसंबसं लातूर गाठलं. साहेबांनी क्रॉस पाहिला अन् स्वतःहून म्हणाले, "नांदेडला जाऊन घेऊन या. गुरुवारपर्यंत गाडी उभी राहिली तरी चालेल." जे तीन महिने मागत होतो, ते असं हातात पडलं.

मंगळवारी दुपारी नांदेडच्या स्टँडवर उभा होतो. एका खिशात क्रॉस, दुसऱ्यात वाळे. समोर हदगावची गाडी लागली होती. पाय पुढं टाकला अन् पाठमोरा पटका डोळ्यांपुढून हलेना. शेवटी वाळ्यांची पुडी कंडक्टरकडं दिली, सासऱ्यांचं दुकान सांगितलं अन् लातूरच्या गाडीत बसून रडलो. शेजारच्यानं विचारलं, कुणी गेलं का?

बुधवारी सकाळी क्रॉस ठोकून बसवला, ग्रीस बाहेर येईस्तोवर भरलं. दुपारपर्यंत त्या गावच्या पंपाला पाणी आलं. म्हातारबाबांनी पहिला तांब्या मला दिला. देवमाणूस आहात, म्हणाले. मी तांब्या तसाच फिटरच्या हातात दिला.

हदगावला जायला मिळालं ते अडीच महिन्यांनी. पोरीच्या पायात वाळे होते. मला बघून तिनं भोकाड पसरलं. बायकोनं तिला उचललं अन् माझ्याकडं न बघता विचारलं,

"नांदेडपर्यंत आला होता ना? मग?"

"ड्यूटी होती," मी म्हणालो. ग्रीसचं सांगायला जीभ उचलली नाही. गाव माझ्यामुळं तहानलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

तिनं पुन्हा विचारलं नाही. संसार चांगला झाला, पोर शिकली, मास्तरीण झाली. गेल्या वर्षी बायको आजारी पडली. जायच्या चार दिवस आधी पोरीचा हात हातात घेऊन तिला म्हणाली, "तुझ्या बापाचा राग धरू नको. तेव्हा त्यांना पोरगाच हवा होता, म्हणून नांदेडहून माघारी गेले. पण नंतर लई जीव लावला तुला."

मी दारातच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.