दाजीच्या गाडीचं पाणी

गॅरेजात बसणाऱ्याच्या नखांत ग्रीस साठतं आणि डोक्यात किस्से. साबणाने दोन्ही जात नाहीत. ऐंशीच्या दशकात माझ्या बऱ्याचशा संध्याकाळी शिरोड्याच्या बाबल मेस्त्रीच्या गॅरेजात गेल्या. शाळा सुटली की हा मास्तर तिथे हजर. माझ्याकडे साधी सायकल नव्हती, पण मतं मात्र सगळ्या गाड्यांबद्दल होती. सगळंच सांगत बसलो तर तुम्ही उठून जाल, म्हणून फक्त दाजीच्या टॅक्सीचं सांगतो. त्यात मी फारसं वाढवलेलं नाही.

* * *

एका सकाळी दाजी टॅक्सी ढकलत घेऊन आला.

"बाबल, रेडिएटर परत सुको. काल काठोकाठ भरलंय."

"खाली गळला?"

"थेंब नाय."

"मगे पाणी काय एसटीन गेला?"

दाजीला हसू आलं नाही. पुढच्या सोमवारी सावंतवाडीला पासिंगचा कॅम्प होता. असली तहानलेली गाडी आरटीओच्या साहेबांनी नापास केली की टॅक्सी बंद, आणि दाजीच्या घरची चूल त्या एका टॅक्सीवर.

बाबल म्हणाला, "पाण्याक वाटो तीनच. भायर, तेलात, नायतर धुरातसून. एकेक बंद करूया."

त्या रात्री जेवून झाल्यावर दाजीने खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी रेडिएटर रिकामा, पेपर कोरडा. बाबलने तो पेपर उचलला, स्टुलावर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि घडी घालून परत दिला.

"ह्यात काय नाय," म्हणाला.

* * *

मग तेल. बाबलने ऑइलची पट्टी ओढली, तेल बोटांवर चोळलं, हुंगलं. "पाणी शिरला असता तर ह्येचो चाय झालो असतो," म्हणाला. तेल काळंभोर होतं.

राहिला धूर. त्यासाठी पांढरं कापड हवं होतं. गॅरेजात पांढरं असं काहीच नव्हतं, माझा रुमाल सोडून. बाबलने तो सायलेन्सरच्या तोंडाशी धरला आणि दाजीला ॲक्सिलेटर दाबायला सांगितलं. वाफ असती तर रुमाल ओला झाला असता. तो कोरडाच राहिला, पण आमच्या शाळेतल्या फळ्यासारखा काळा झाला.

"इंजिन ठणठणीत आसा," बाबल म्हणाला.

"आणि रुमाल?"

"मास्तर, तो काय माझ्याकडे रिपेरीक इल्लो नाय."

* * *

तिसऱ्या दिवशी खारेपाटणचं भाडं होतं. बाबलने रेडिएटरचं टोपण नवीन घातलं, बॉनेट काढून गॅरेजात ठेवलं आणि स्वतः डाव्या मडगार्डवर बसला. पाइपांवर नजर ठेवायला. शिरोडा ते खारेपाटण आणि परत. मी आत होतो, म्हणून खात्रीने सांगतो. कणकवलीला चहाला थांबलो तर हॉटेलवाला बाहेर आला, उघडं इंजिन आणि मडगार्डवर मांडी घातलेला बाबल बघून त्याने मलाच विचारलं, "ह्येंका खंयच्या देवळात नेतास?"

संध्याकाळी परत आलो तेव्हा पाणी जसंच्या तसं. एक इंचही खाली नाही. बाबल लंगडत घरी गेला, पण खुशीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटर रिकामा.

"म्हणजे गाडी चालताना पाणी जाणा नाय," बाबल विचार करत म्हणाला. "घराकडे उभी ऱ्हवली की जाता. असली गाडी मी बघूक नाय."

* * *

दाजीच्या बायकोने शेवटी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. गावाच्या वतीने देवाशी बोलणारे गावकार आले. खळ्यात नारळ ठेवला. दाजी, बाबल, मी, आणि दाजीचे सासरे अण्णा असे उभे राहिलो. अण्णांचे गुडघे दुखायचे, म्हणून ते महिनाभर मुलीकडे राहायला आले होते.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या गाडयेचा पाणी जा खंय जाता, त्येची वाट दाखय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज अण्णांचा.

गावकार पुढे बोलणार तोच बाबल मध्ये पडला. "टोपण नवा बसयलंय ता पण सांगा. नायतर देव थयच शोधत ऱ्हवात."

* * *

शनिवारी बाबलने चमचाभर हळद रेडिएटरात टाकली. जिथून गळेल तिथे पिवळा डाग पडेल, हा हिशोब. रविवारी सकाळी दाजी एकटाच चालत आला आणि बाकावर बसून राहिला.

"गावला?" बाबलने विचारलं.

"गावला."

"खंय पिवळा झालाहा?"

"अण्णांचे पाय. पोटऱ्यांपर्यंत."

उलगडा झाला तो असा. संध्याकाळी दाजी अंघोळीला गेला की अण्णा घमेलं घेऊन गाडीखाली वाकायचे, रेडिएटरचा खालचा नळ सोडून गरम पाणी घ्यायचे, नळ बंद करून पडवीत पाय शेकत बसायचे. खारेपाटणहून आल्यावरही तेच.

"मगे सांग त्येंका," मी म्हणालो.

"मास्तर, जावई मी. सासऱ्याक पाण्यावरसून बोलू? आणि ते वर माकाच सांगतत, ह्या पाण्यात लोखंडाचो गुण आसा, गुडघे सुटले म्हणान."

बाबल मग म्हणाला, "उद्याचो एक दिस गाडयेकडसून हलू नको."

* * *

सोमवारी मी रजा टाकली. अण्णाही निघाले, सावंतवाडीत डोळे दाखवायला म्हणून. मैदानात गाड्यांची रांग होती. दाजी कागद घेऊन खिडकीवर गेला, मी आणि बाबल चहाला. पाच मिनिटं, जास्त नाही.

परत आलो तर अण्णा दगडावर बसलेले, धोतर गुडघ्यांच्या वर, पाय घरून आणलेल्या घमेल्यात. आणि साहेब आमच्या गाडीपाशी पोचलेले. वयस्क, कडक इस्त्रीचे, एक पाय जरा जपून टाकणारे. त्यांनी टोपण उघडून आत पाहिलं.

"रेडिएटरमध्ये पाणी नाही. कुठे गेलं?"

खिडकीवरून परतलेला दाजी साहेबांकडे बघेना, सासऱ्यांकडे तर मुळीच बघेना. हातातल्या कागदाची घडी घालत राहिला.

"साहेब, हंय आसा," अण्णा बसल्या जागेवरून म्हणाले आणि घमेल्याकडे बोट दाखवलं. "माझे गुडघे शेकतंय. गाडयेक काय झालेला नाय, जावई चांगली ठेवता."

साहेब घमेल्याकडे बघत राहिले. मग अण्णांच्या गुडघ्यांकडे.

"फरक पडतो?"

"जिनो चढतंय आता."

साहेबांनी बाबलला पाणी भरायला लावलं. इंजिन अर्धा तास चालू ठेवलं, खाली वाकून पाइप पाहिले, ब्रेक पाहिले, हॉर्न, दिवे, सगळं. कुठेही थेंब नाही. कागदावर सही केली, शिक्का मारला, कागद दाजीच्या हातात दिला.

मग पेन खिशाला लावलं, रांगेकडे एकदा पाहिलं आणि अण्णांना म्हणाले, "जरा सरकता?"

आणि बुटाची नाडी सोडायला खाली वाकले.