मे महिन्यातले चार अंश

दिवाकर गेल्याचं मला मेट्रोत कळलं. सीताबर्डीला उतरताना जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर हार घातलेला फोटो आला. रडू आलं नाही... राग आला. आता हा खरं कधीच सांगणार नाही, हा पहिला विचार, आणि त्याची मला अजूनही लाज वाटत नाही.

आम्ही दोघं पूर्वी एका छोट्या फर्ममध्ये होतो. विदर्भातल्या तापमानाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी एकाच अजस्र टेक्स्ट फाइलमध्ये आल्या होत्या आणि आमचा संगणक ती उघडतानाच मान टाकायचा. "अवं वैशू, विहीर उचलून घरी आणतं का कोणी?" दिवाकर म्हणाला. "बादली-बादलीनं काढ." तसंच केलं. फाइलचा एक तुकडा वाचायचा, त्यातले आकडे टिपायचे, तुकडा सोडून द्यायचा, पुढचा घ्यायचा. मेमरी जेमतेम लागायची. फक्त तुकडा संपतो तिथे एखादा आकडा मधोमध कापला जाई. म्हणून उरलेलं टोक बाजूला ठेवून पुढच्या तुकड्याला जोडणाऱ्या काही ओळी मी प्रोग्राममध्ये लिहिल्या. असल्या कामात त्याच्याइतका मजेचा सोबती मला पुन्हा मिळाला नाही, हेही खरं.

वेग वाढवायच्या नादात त्यानं त्या ओळी मला न विचारता काढून टाकल्या. सेहेचाळीसचे चार आणि सहा झाले, आणि अहवालात नागपूरचं तापमान, तेही ऐन मे महिन्यात, चार अंश छापून गेलं. बैठकीत साहेबांनी विचारलं, "हे कोणाचं काम?" दिवाकर कागदाकडे बघत म्हणाला, "फाइल वाचायचा भाग वैशूचा आहे." त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

"काहून काढल्या गा माह्या ओळी?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"सांगतो ना साहेबाले. थोडे थंड होऊ दे त्यायले."

साहेब थंड झाले, मी ऑफिसभर 'चार अंश मॅडम' झाले, आणि शेवटी नोकरी सोडली. तो दरवर्षी दिवाळीला फोन करायचा, मुलांची चौकशी करायचा, गोड बोलायचा. मी प्रत्येक वेळी वाट बघायची...

मागच्या आठवड्यात हुडकेश्वरला त्याच्या घरी गेले. पुढच्या खोलीत तो प्रोग्रामिंगचे क्लास घ्यायचा. खुर्च्या तशाच मांडलेल्या. फळ्यावर त्याच्या अक्षरात एक चार, एक सहा, आणि मधे उभी रेघ. कोणी पुसलं नव्हतं.

"प्रत्येक बॅचले हे पयले हेच शिकवत," त्याची बायको संध्या म्हणाली. "म्हणत, चूक माही होती, अन् नाव वैशूचं खराब झालं. पोरायसमोर ह्यायचे डोळे भरून येत." मग चहाचा कप माझ्या हातात देत तिनं विचारलं, "तुमाले तं सांगतलंच असंन ना, ताई?"

म्हणजे ज्यांना मी कधी पाहिलंही नाही त्या पोरांना सगळं ठाऊक होतं. त्यांच्यासमोर तो रडला, आणि माझ्या वाट्याला दिवाळीच्या शुभेच्छा.

संध्या माझ्या तोंडाकडे बघत होती.

"सांगतलं ना," मी म्हणाले, "कधीचंच."

तिनं सुस्कारा टाकला आणि पदरानं डोळे पुसले. दिवाकर, तुझं मी अंगावर घेतलं ते हे दुसऱ्यांदा.