कारखानीसांची शेवटची दहा ठिकाणं

कारखानीस गेल्याचा फोन त्यांच्या भाचीने केला तेव्हा मी कार्यालयात घाईने डबा खात होते, लोडशेडिंगच्या आधी उरकावं म्हणून. "मामा गेले..." एवढंच ती म्हणाली. शोकसभेत तिघांनी त्यांना आमच्या संगणक विभागाचे जनक म्हटलं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मलाही शिकवलं आहे. पण मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काढली आणि इथल्या आमच्या मराठी मंडळींनी त्यांच्या आठवणींच्या या पुरवणीसाठी लिहायला मलाच सांगितलं, तेव्हा जे पाहिलं तेच लिहिते.

यंत्रातली माहिती कप्प्यांत असते, कप्प्यात कप्पा, त्यात आणखी एक. आम्ही त्यांना डिरेक्टरी म्हणतो. टर्मिनलवर आज्ञा टाइप करून एकीतून दुसरीत जायचं, आणि परतायचं तर सगळा लांबलचक पत्ता पुन्हा टाइप करायचा. कंटाळून मी एका दुपारी छोटी सोय लिहिली. प्रत्येक टर्मिनलवर शेवटच्या दहा डिरेक्टऱ्यांची यादी राहते, आकडा दाबला की तिथे परत. नवी जागा आली की सर्वांत जुनी गळते. कारखानीसांनी सगळ्यांदेखत विचारलं, "वैद्यबाई, घरी जाताना बसचा नंबरही कुणाला विचारता का?" सगळे हसले. पुढच्या आठवड्यापासून ते स्वतः तीच यादी वापरू लागले, आणि दिल्लीच्या पाहुण्यांना 'ही आमची सोय' म्हणून दाखवू लागले. आमची म्हणजे त्यांची.

मग एका सकाळी ते चाचणीची डिरेक्टरी पुसायला निघाले आणि चुकीचा आकडा दाबून खिदिरपूरच्या गोदी कामगारांची पुसून बसले. आमच्या विभागातल्या बिमल नावाच्या पोराने सहा महिने खपून भरलेली नावं गेली. कारखानीस वर जाऊन सांगून आले की पोराच्या हातून झालं. मी त्यांच्या टर्मिनलपाशी गेले. यादीत गोदीचं नाव सर्वांत वर, ढळढळीत. मी त्यावर बोट ठेवलं. त्यांनी माझ्याकडे बघत, मीच लिहिलेल्या आज्ञेने यादी कोरी केली. "आता काय दिसतंय, बाई?"

मी वरिष्ठांना सांगितलं. त्यांनी पुरावा मागितला, तो नव्हता. बिमलची बदली बजबजच्या कोठारात झाली, पोती मोजायला. त्याच्या परतीचा अर्ज मी तीनदा पुढे केला. कारखानीसांनी तिन्ही वेळा 'आवश्यकता नाही' असा शेरा मारला. सुंदर अक्षर होतं त्यांचं... एवढं एक कबूल करते.

ते गेल्यावर तात्पुरता कारभार माझ्याकडे आला. पहिली सही मी बिमलच्या परतीवर केली. गेल्या सोमवारी तो हजर झाला. मोकळं टर्मिनल एकच होतं, कारखानीसांचं. त्याने ते चालू केलं आणि थांबला. पडद्यावर त्यांची शेवटची दहा ठिकाणं तशीच होती.

"दीदी, हे पुसू?"

"पुसायचं काही नाही. तू काम कर."

तो कामाला लागला. मागाहून एका जुन्या चुंबकीय फितीवरून परत उतरवलेली गोदीची डिरेक्टरी, मग तिच्या आतल्या पाळ्यांच्या, एकेक. यादीच्या तळाची कारखानीसांची एकेक ओळ गळत होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दहाही ठिकाणं बिमलची झाली होती.