विश्वकिरणांना कप चालतो

तळेगावच्या मोटार स्टँडजवळ एक मजूर खडी फोडायचा. हॉटेलवाला त्याला कप देत नसे. बाहेर उभं करून ओंजळीत वरून पाणी ओतायचा. ओंजळ पुढे करण्याआधी तो हात धोतराला तीनदा पुसायचा. कोणासाठी, कोण जाणे!

त्या दिवशी मी, आमच्या घरातला पहिला बी.एस्सी., आत बाकावर बसून हॉटेलवाल्याला विश्वकिरण समजावत होतो. "हे खरं तर अणूहून लहान कण. काही सूर्याकडून येतात, बाकीचे फार दुरून, बहुधा फुटलेल्या ताऱ्यांतून. वरच्या हवेवर आपटले की त्यांतून आणखी कण उडतात आणि छपरातून, आपल्या अंगातून आरपार जातात."

"आताबी?" पाण्यासाठी बाहेर थांबलेल्या त्या मजुरानं विचारलं.

"आत्ताही."

"मंग बाबू, माह्या अंगातून निघून याच्या माठात जात असतीन का?"

"तिरपे येणारे जातच असतील."

तो हसला. "घ्या शेटजी! मंग मले काऊन बाहेर उभं करून राह्यले?"

हॉटेलवाल्यानं तांब्या आपटला. "चाल, हो पुढे. तुले पाणी नाई आज."

तो तहानलेलाच उन्हात खडीकडे गेला. शिवाशीव गुन्हा ठरवणारा कायदा झाला होता, तरी ही मिजास! आठवलं की आजही डोकं तापतं. आणि सर्वांत जास्त तापतं ते माझ्यावर. त्याची जात तीच माझी जात. पँट पाहून हॉटेलवाल्यानं मला विचारलं नव्हतं, आणि मी कपातला चहा संपवला.