काकडीची प्रदक्षिणा
कोशिंबिरीसाठी काकडी चोचवून मीठ लावलं, की सुटणाऱ्या पाण्याच्या वासाने मला अजून एक दुपार आठवते. दोन हजार चारचा हिवाळा होता. अमेरिकेतल्या आमच्या युनिव्हर्सिटीच्या तळघरातल्या लॅबमध्ये मिठाच्या पाण्याने भरलेला गोल टब, त्याच्या कडेला सोळा इलेक्ट्रोड आणि आत, डावीकडे, काकडीचा उभा तुकडा. कडेवरून बारीकसा करंट सोडायचा, व्होल्टेज मोजायचं आणि तेवढ्यावरून आत काय आहे त्याचं चित्र कॉम्प्युटरने काढायचं. त्यातले दोन इलेक्ट्रोड सकाळीच बंद पडले होते. दुपारी प्रोफेसर बघायला येणार, पुढच्या सेमिस्टरची माझी असिस्टंटशिप त्यावर ठरणार, आणि स्क्रीनवर काकडी ढळढळीत उजवीकडे! मोजमापं कमी पडली म्हणूनच हे होतंय, असं वाटून मी तीनदा पाणी बदलून पुन्हा मोजलं. बोटं गारठली, काकडी जागची हलेना. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या नागपूरच्या सीनियरने विचारलं, "वायर्स कशा लावत गेलीस?" मी हवेत हात फिरवून दाखवला. तो हसतच सुटला. "अगं यार, तू तर प्रदक्षिणा घातलीस! प्रोग्राम उलट्या बाजूने मोजतो." मीही हसले. प्रोफेसर कधी येऊन मागे उभे राहिले, कळलंच नाही. एकदा टबाकडे, एकदा स्क्रीनकडे बघून ते एवढंच म्हणाले, "काकडी होती म्हणून बरं." आज हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या छातीला इलेक्ट्रोडचा पट्टा बांधण्याआधी मी दर वेळी स्वतःचा डावा हात वर करून बघते.