सहापैकी चार

आमचे सासरे बत्तीस वर्षं वीजघरात फिटर. गॅसवर चालणारी सहा अजस्र इंजिनं त्यांच्या ताब्यात. घरात मात्र साध्या मिक्सरला त्यांना हात लावू द्यायची सोय नाही, कारण लगेच "घरघरतंय, खोलून बघू" सुरू.

त्यांना एकच गोष्ट सलायची. वीजघरात सहाही इंजिनं अर्ध्या भारावर चालायची. अशा वेळी गॅस धड जळत नाही. थोडा कच्चाच चिमणीतून निघून जातो आणि वर जाऊन हवा तापवतो. चारच इंजिनं पाऊण भारावर चालवली तर वीज तेवढीच, कच्चा गॅस मात्र कितीतरी कमी.

"आणि एखादं बंद पडलं तर?" साहेब विचारायचे.

"उरलेली तीन पूर्ण भार घेतील. तोवर मी पाचवं लावतो."

गंमत म्हणजे धूर तपासायला माणसं येणार असली की साहेब स्वतःच दोन इंजिनं बंद करायला लावत. आकडा झकास यायचा. पाहुण्यांची पाठ वळली की पुन्हा सहा. ती बटणं दर वर्षी सासऱ्यांनीच दाबली आणि त्या दिवशी घरी येऊन जेवण नको म्हणाले. मी समजायचे, पित्त झालंय.

निवृत्तीला महिना उरला तेव्हा त्यांनी साहेबांकडे चार इंजिनांचा एक आठवडा मागितला, अक्षरशः हात जोडून. मला रागच आला. या वयात कशाला हे?

"दिवे गेले तर तुमच्यावर," साहेब म्हणाले. "निभावलं तर कायमची चारच."

पाचव्या दिवशी भर दुपारी दोन नंबरचं इंजिन बंद पडलं. बाकीच्या तिघांनी भार उचलला, सासऱ्यांनी दुखरा गुडघा ओढत जाऊन पाचवं लावलं. मी तेव्हा इस्त्री करत होते. मला पत्ताही लागला नाही.

संध्याकाळी ते बुटांसकट खुर्चीत बसले. मी पाणी दिलं.

"बाबा, झालं ना मनासारखं?"

"साहेब म्हणाले, थोडक्यात वाचलो. आता सहाच."

"वाचलो कसलं? तुम्ही म्हणाला होतात तसंच तर झालं."

"तेच सांगितलं."

"मग?"

त्यांनी पेला तसाच खाली ठेवला. मला त्यांच्याकडे बघवेना.

"मग काय. दोन नंबर दुरुस्त केलं. ते आणि सहावं, दोन्ही मीच सुरू केली आणि आलो."